परीक्षेची खूण

धोब्याकडे दिलेल्या कपड्याच्या कोपऱ्यांत शाईची बारीक खूण असते. तिच्यामुळें कापड जाड होत नाहीं कीं पातळ होत नाहीं. पण कपडा कोणत्या घरीं जावयाचा, तें तिच्यावरूनच ठरतें. १९७३ सालीं अंधेरीस स्थापन झालेल्या ‘सीप्झ’ वसाहतींत बोरिवली-मुलुंडहून कामास जाणारे कित्येक तरुण-तरुणी संगणकासाठीं आज्ञावली लिहितात. त्या आज्ञावलीच्या परीक्षेंतहि अशीच खूण असते. तिला ‘अ‍ॅनोटेशन’ म्हणतात.

समजा, लोकलच्या भाड्याचा हिशेब करणारी आज्ञावली जावा भाषेंत लिहिली आहे. पांच वर्षांखालील मुलास भाडें नाहीं. पांच पूर्ण झालेल्या, पण बाराच्या आंतील मुलास अर्धें. मग बरोबर पांच वर्षांच्या मुलाचें काय? चूक होते ती अशाच सीमेवर. म्हणून असा एकेक प्रश्न व त्याचें अपेक्षित उत्तर यांची छोटी परीक्षा लिहितात, तशा अनेक परीक्षा एका ‘क्लास’मध्यें ठेवतात, आणि आज्ञावलींत बदल झाला कीं यंत्राकडून त्या साऱ्या पुनः घेववितात.

केंट बेक व एरिक गामा यांनीं १९९७ सालीं रचलेल्या ‘जेयुनिट’मध्यें परीक्षेच्या नांवाचा आरंभ ‘टेस्ट’ या अक्षरांनीं व्हावा लागे. एखादें अक्षर चुकलें, तर ती परीक्षाच नव्हे असें समजून यंत्र मुकाट्यानें पुढें जाई. निकाल सारा उत्तीर्ण, आणि पांच वर्षांच्या मुलाचें भाडें कोणीच तपासलेलें नाहीं! नापास होण्यापेक्षां हें वाईट.

२००४ सालीं जावांत खुणांची सोय झाली आणि २००६ सालीं जेयुनिटच्या चौथ्या आवृत्तींत ‘@टेस्ट’ ही खूण आली. आतां नांव कांहींहि ठेवावें. खुणेचेंच स्पेलिंग चुकलें, तर भाषांतर करणारा ‘कंपायलर’ आज्ञावली नाकारतो. २०१७ च्या पांचव्या आवृत्तींत ‘@बिफोरऑल’ व ‘@बिफोरईच’ हीं बोलकीं नांवें आलीं. पहिलीची कृति साऱ्या परीक्षांपूर्वीं एकदांच, दुसरीची प्रत्येकीपूर्वीं. शाळा सकाळीं एकदां उघडावी, पण फळा दर तासास पुसावा, तसें. ‘@डिसेबल्ड’नें परीक्षा वगळली जाते, पण वगळल्याची नोंद राहते. सोबत कारण लिहितां येतें, आणि तें लिहावेंच. एका दिवसासाठीं वगळलेली परीक्षा वर्षानुवर्षें तशीच पडून राहते.

खूण घालावयाचेंच विसरलें तर मात्र यंत्र अजूनहि मुकें आहे. म्हणून जाणते लोक नव्या परीक्षेंत प्रथम मुद्दाम चुकीचें उत्तर लिहितात: पांच वर्षांच्या मुलाचें भाडें शून्य. यंत्रानें नापासाचा लाल रंग दाखविला, कीं मग शून्य खोडून तेथें अर्धें भाडें लिहितात.