ग्राफिक्स कार्डाला संयमाचा धडा

बंगळूरच्या आग्नेयेस, आपल्याच नावाच्या विस्तीर्ण तळ्याच्या काठी बेळ्ळंदूर वसले आहे. एके काळचे हे खेडे आज संगणक-कंपन्यांच्या इमारतींनी वेढलेले आहे. येथील एखाद्या घरात मुलगा किंवा मुलगी रात्रभर संगणकावर चलच्चित्र सिद्ध करीत असेल, तर त्यात नवल नाही. सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे मिनिटाला १,४४० चित्रे! एका चित्रास पाच मिनिटे लागली, तर मिनिटभराच्या दृश्यासाठी पाच अहोरात्र हवीत. चौथ्या रात्री पडदा अकस्मात काळा झाला, तर केवढे श्रम वाया जावेत!

अशा वेळी कार्डाचा विद्युत्‌दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढविण्याचा मोह होतो. परंतु वेग तोच असता चिपची कार्यशक्ती साधारणतः दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. दाब १.०५ व्होल्टवरून ०.९५ वर आणला, तर हा खर्च सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. उष्णताही त्याच मानाने उतरते. एकाच जातीच्या सर्व चिपा सारख्या नसतात, म्हणून कारखानदार थोडा अधिक दाब राखून ठेवतात. त्यातील काही भाग कमी करता येतो. मात्र दाब आणि वेग हे एकाच जुवाचे दोन बैल होत. वेग तसाच ठेवून दाब फार उतरविला, तर गणित चुकते आणि काम बंद पडते.

तेव्हा क्रम असा ठेवावा. प्रथम सर्व मांडणी कारखान्याच्या मूळ स्थितीवर आणावी, पंख्यांवरील धूळ काढावी आणि तापमान पाहावे. मग शक्तीची मर्यादा थोडी खाली आणावी. त्यानंतरच दाब २५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी उतरवावा. प्रत्येक पायरीवर आपलेच जड दृश्य तासभर चालवून निष्कर्ष वहीत टिपावा. बिघाड दिसताच एक-दोन पायऱ्या मागे यावे. मूळ स्थितीतही काम थांबत असेल, तर दोष अपुऱ्या स्मृतीचा, वीजपुरवठा-पेटीचा किंवा ड्रायव्हरचा असू शकतो. तेथे दाबाचा उपाय चालणार नाही.

आणखी एक सूचना. चलच्चित्र एकाच फाईलीत न साठविता प्रत्येक चित्र स्वतंत्र साठवावे. मग यंत्र मध्यरात्री थांबले, तरी झालेले काम शाबूत राहते आणि सकाळी पुढच्या चित्रापासून आरंभ करता येतो.

यंत्राकडून अखेरचा थेंब पिळून घेण्यापेक्षा त्याला झेपेल तेवढेच काम देणे, हीच खरी काटकसर होय.