मावळच्या तळ्यांवरील नौकाप्रवास

शिडाची नाव म्हटली कीं श्रोत्यांच्या मनांत कोंकणचा किनारा उभा राहतो. खारा वारा, भरती-ओहोटी आणि कोळ्यांचे मचवे यांवांचून नौकाप्रवासाची कल्पनाच करवत नाहीं. घाटमाथ्यावरील मावळांत, जेथें पाहावें तेथें डोंगर आणि भाताचीं खाचरें, तेथें शीड उभारण्याचें कोणाच्या स्वप्नांतही येणार नाहीं. तथापि आज लोणावळ्याच्या परिसरांत, सह्याद्रीच्या अगदीं माथ्यालगत, शिडास पुरेल एवढें विस्तीर्ण पाणी आहे. त्यांत बेटें आहेत आणि रात्रीपुरता नांगर टाकण्याजोगे निवांत आडोसेही आहेत. मात्र या पाण्यावर नाव घालणारानें एक गोष्ट आरंभींच ध्यानांत धरावी. यांतील एकही मोठें तळें निसर्गानें निर्माण केलेलें नाहीं. तळाशीं कोणाची तरी शेती आहे, कोणाचें तरी घर आहे. म्हणून येथील नावाड्यास पाण्याइतकेंच जमिनीचेंही ज्ञान असावें लागतें.

हीं तळीं झालीं कशीं, हें प्रथम पाहूं. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ हीं या प्रदेशाचीं परंपरागत खोरीं. लोणावळ्यास वर्षाकाठीं सरासरी ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. या पाण्यापासून वीज करून मुंबईच्या गिरण्या चालवाव्या, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनीं उचलून धरली. १९०४ सालीं ते निवर्तले. पण १९११ सालीं लोणावळ्यास कामाची कोनशिला बसली आणि १९१५ सालीं खोपोलीच्या वीजघरांतून मुंबईस वीज मिळूं लागली. वळवण, शिरोता आदि जलाशयांचें पाणी घाटाखालीं सुमारें ५०० मीटर उतरून तेथील चक्रें फिरवितें. आंदर मावळांतील ठोकळवाडीच्या जलाशयाचें पाणी भिवपुरीस जातें; तेथील वीजघर १९२२ सालीं सुरू झालें. पवना नदीवरील धरण पुष्कळ नंतरचें, १९७२ च्या सुमाराचें. त्याचें पाणी मात्र पूर्वेकडे, नदीच्या पात्रांतूनच रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातें आणि पिंपरी-चिंचवडची तहान भागवितें. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग या चार दुर्गांच्या मधोमध पसरलेला हा पवनेचा जलाशय शिडाच्या नावेस विशेष अनुकूल आहे. अर्थात् कोणत्याही जलाशयावर नाव घालण्यापूर्वीं धरण ज्यांच्या ताब्यांत असेल त्यांची अनुज्ञा घेतली पाहिजे.

समुद्राला दिवसांतून दोनदां भरती-ओहोटी येते. या तळ्यांना वर्षांतून एकदांच. जुलै-ऑगस्टांत पाणी चढतें आणि पुढें जूनपर्यंत उतरत जातें. हीच त्यांची ओहोटी. येथील बेटें म्हणजे वस्तुतः बुडालेल्या टेकड्यांचे माथे व डोंगराच्या सोंडा होत. पावसाळा संपतांना जें बेट चारी बाजूंनीं पाण्यानें वेढलेलें असतें, तें फाल्गुनांत दुप्पट मोठें दिसतें आणि वैशाखांत कांठाला जोडलेंही जातें. जेथून दिवाळींत नाव सुखानें गेली, तेथेंच उन्हाळ्यांत बांध डोकें वर काढतो. म्हणून उन्हाळ्याचा प्रवास हा सतत बदलणाऱ्या भूगोलांतील प्रवास आहे.

आतां वाऱ्याविषयीं. चैत्र-वैशाखांत देशावरची जमीन तापते, हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील हवा कोंकण ओलांडून घाटाच्या खिंडींतून आंत शिरते. त्यामुळें सकाळीं तळें आरशासारखें निश्चल असतें आणि दुपारीं पश्चिमेचा वारा जोर धरतो. सायंकाळीं तो पडतो. रात्रीं डोंगरउतारावरील हवा थंड होऊन हळूहळू खालीं उतरते. तिची झुळूक नांगरलेल्या नावेस सुखद वाटते. भीति बाळगावी ती वळवाची. तो बहुधा पूर्वेकडून, दिवस कलतांना येतो. ढग काळवंडले, वारा एकाएकीं थांबला आणि उकाडा वाढला, म्हणजे शहाण्या नावाड्यानें शीड उतरवून आडोसा गांठावा.

पवनेचें धरण पूर्वेस आहे आणि जलाशय तेथून पश्चिमेकडे, घाटमाथ्याच्या दिशेनें पसरला आहे. म्हणजे धरणाकडून तुंगाकडे निघालेल्या नावेस दुपारचा वारा समोरून लागतो. समोरच्या वाऱ्यावर शिडाची नाव सरळ जाऊं शकत नाहीं. परंतु वाऱ्याशीं सुमारें ४५ अंशांचा कोन करून ती पुढें सरकूं शकते. वाऱ्याचा दाब शिडावर आडवा पडतो. नावेखालीं पाण्यांत सोडलेली फळी तिला बाजूस वाहूं देत नाहीं. तेव्हां त्या दाबाचा जो अंश उरतो तो नावेस पुढें ढकलतो. कांहीं अंतर उजवीकडे, मग नाव वळवून डावीकडे, अशी नागमोडी वाट काढीत ती वाऱ्याच्या उगमाकडे जाते. घाट चढणारी वाट जशी वळणावळणानें चढते, तशीच ही युक्ति आहे. पुणें जिल्ह्यांतच खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांना हीच विद्या गोड्या पाण्यावर शिकविली जाते.

सकाळीं वल्हीं मारीत निघावें, दुपारीं शीड उभारावें आणि तिसऱ्या प्रहरानंतर तुंगाच्या पायथ्याशीं पोहोंचावें, असा क्रम सोयीचा पडतो. किल्ल्याच्या पूर्व अंगास पश्चिमेचा वारा अडतो व पाणी शांत राहतें. परंतु उंच कड्यावरून वाऱ्याचे झोत अवचित खालीं कोसळतात, म्हणून कड्याच्या अगदीं लगत शीड ताणून जाऊं नये. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पांचपट सोडावा. दोर आखूड असला तर नांगर वर उचलला जाऊन सुटतो. तळाचा गाळ नांगर चांगला धरतो. खरा धोका आहे तो बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांचा आणि खाचरांच्या दगडी बांधांचा. त्यांत अडकलेला नांगर ओढून निघत नाहीं. याकरितां नांगराच्या बुडाशीं एक वेगळी दोरी बांधून तिच्या वरच्या टोकास तरंगता भोपळा लावावा. ती दोरी ओढली म्हणजे नांगर उलट्या दिशेनें सुटतो.

हा बांध कोठें आहे, बुंधा कोठें आहे, हें सांगणार कोण? जुन्या मोजणीच्या नकाशांत शेतांचे क्रमांक सांपडतील. परंतु विहीर कोणत्या वळणावर होती, आंब्याचीं झाडें कोठें तोडलीं आणि कोठें तशींच राहिलीं, गाडीवाट कोणत्या खडकाजवळून जाई, हें कांठच्या गांवांतील वृद्ध शेतकऱ्यांनाच ठाऊक असतें. पाणी फार उतरलें म्हणजे पवनेच्या पोटांतील वाघेश्वराचें दगडी देऊळ उघडें पडतें. वर्षाचे बहुतेक महिने तें पाण्याखालीं असतें. उन्हाळ्यांत लोक तेथें दर्शनास जातात. परक्यास तें एक कौतुक वाटतें. विस्थापितास तो आपल्या गांवचा पत्ता असतो.

या पत्त्यांची किंमत मावळपट्टीनें पूर्वींच मोजली आहे. शेजारच्या मुळशी खोऱ्यांत धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं सत्याग्रह सुरू झाला. त्यांतूनच पांडुरंग महादेव बापट हे सेनापति म्हणून ओळखले जाऊं लागले. १९२४ पर्यंत लढा चालला, तरी धरण झालेंच आणि गांवें पाण्याखालीं गेलीं. पवनेच्या विस्थापितांपैकीं अनेकांनीं पर्यायी जमिनीसाठीं दशकानुदशकें अर्ज व आंदोलनें केलीं. पुढें याच जलाशयाचें पाणी बंद नळांतून शहराकडे नेण्याच्या योजनेस मावळच्या शेतकऱ्यांनीं विरोध केला, तेव्हां ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊरजवळ द्रुतगति मार्गावर पोलिसांचा गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्यु पावले. हें पाणी वरून दिसतें तितकें निवांत नाहीं.

शहरास पाणी हवें, गिरणीस वीज हवी आणि श्रमलेल्या जिवास विहारही हवा. यांतील कांहींच अनुचित म्हणतां येत नाहीं. परंतु ज्यांच्या जमिनीवर हें पाणी उभें आहे, त्यांचें ज्ञान त्यांच्याबरोबरच संपूं देणें अनुचित होय. धरणाच्या पूर्वीं ज्यांनीं त्या खाचरांत नांगर धरला, त्यांतील जे आज हयात आहेत ते उतार वयांत आहेत. नावाड्यानें प्रवासास निघण्यापूर्वीं अशा एखाद्या आजोबांच्या ओसरीवर घटकाभर बसावें, ते सांगतील त्या विहिरी, वाटा आणि झाडें कागदावर टिपून घ्यावीं, आणि परत आल्यावर तो कागद गांवच्या शाळेंत ठेवावा. नावेचा तळ त्यानें वांचेल, आणि बुडालेल्या गांवाचें नांवही.