आधी जागा, मग जॅक

चाकूरवरून राष्ट्रीय महामार्ग 361 जातो. तुळजापूर, औसा, लातूर करत तो चाकूरला येतो आणि पुढे अहमदपूर, लोहा, नांदेडमार्गे विदर्भात उतरतो. मालाचे ट्रक, एसटी, ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि तुमची-आमची छोटी गाडी, सगळे याच रस्त्यावर. ट्रॉलीतून पडलेला नट, तुटलेल्या पट्टीचा तुकडा किंवा कडेच्या येड्या बाभळीचा काटा टायरमध्ये कधी घुसेल याचा नेम नाही. दिवसा फाट्यावर पंक्चरवाला सापडतो. रात्री दहानंतर, दोन गावांच्या मधे, घरची माणसं गाडीत असताना टायर बसला तर मात्र आपलं आपल्यालाच बघावं लागतं.

टायर बदलणं हे ताकदीचं काम आहे असा समज आहे, म्हणून अनेक जण, विशेषतः बायका आणि वयस्कर माणसं, त्या वाटेला जात नाहीत. प्रत्यक्षात हे काम क्रमाचं आहे. गाडी कुठे उभी केली, जॅकखाली कसली जमीन आहे आणि कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीच्या आधी केली, यावर सगळं अवलंबून असतं.

गाडी कुठे थांबवावी

टायर बसला की स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं. टायर फुटला तर आवाज होऊन गाडी झटकन वळू पाहते. दोन्ही वेळा करकचून ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढायचा, गाडीचा वेग आपोआप उतरू द्यायचा आणि डाव्या बाजूचा इंडिकेटर देऊन कडेला यायचं.

लगेच थांबलंच पाहिजे असं नाही. बसलेल्या टायरवर हळू वेगाने शे-दोनशे मीटर गेलात तर फार तर टायर आणि रिम खराब होईल. पण वळणावर, पुलावर किंवा चढ संपतो तिथे थांबलात तर मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही. म्हणून सरळ, सपाट आणि लांबून दिसणारी जागा शोधा. पेट्रोल पंपाचं आवार, ढाब्याचं अंगण, बसथांब्याची मोकळी जागा मिळाली तर उत्तम.

थांबल्यावर चारही इंडिकेटर एकदम लावा. हँडब्रेक ओढा आणि गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून दूर, वावराच्या बाजूला उभं करा. गाडीच्या मागे कुणालाही थांबू देऊ नका. मागून धडक बसली तर तोच माणूस मधे सापडतो, शिवाय मागचे दिवेही त्याच्या अंगाआड जातात. डिक्कीतला लाल परावर्तक त्रिकोण काढून गाडीच्या मागे निदान पन्नास मीटरवर ठेवा. ऐंशीच्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर कापते, म्हणजे पन्नास मीटर म्हणजे जेमतेम सव्वादोन सेकंदांची सूचना. रात्री आणखी लांब ठेवा.

उजवा टायर बसला असेल आणि गाडी रस्त्याला चिकटून उभी असेल, तर तुमची पाठ थेट वाहतुकीकडे राहते. अशा वेळी गाडी आणखी डावीकडे घेता येत नसेल तर टायर बदलायचा हट्ट धरू नका. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे आणि आणीबाणीसाठी 112. दूर उभं राहून फोन करणं हाच तिथे शहाणपणा.

काळी माती आणि जॅक

आपल्या भागात जास्तीत जास्त काळजी घ्यायची ती इथे. डांबराची कड संपली की लगेच काळी माती सुरू होते. पावसात ती फुगते आणि मऊ पडते. उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वरून घट्ट दिसणारी माती वजन पडताच दबते.

हिशेब करून पाहा. छोट्या गाडीचं एक चाक उचलताना जॅकवर साधारण तीनशे किलोचा भार येतो. गाडीसोबत मिळणाऱ्या जॅकचा तळ सुमारे आठ बाय सहा सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर सहा किलोंहून जास्त दाब पडतो. काळ्या मातीत तो तळ तिरपा घुसतो, जॅक कलतो आणि गाडी घसरून खाली येते. त्याच जॅकखाली एक फूट लांब-रुंद आणि इंचभर जाडीची लाकडी फळी ठेवली, तर तोच भार नऊशे चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब अर्ध्या किलोच्याही खाली येतो. सुताराकडे पडलेला फळीचा तुकडा डिक्कीत कायमचा टाकून ठेवा. वीट किंवा फरशी वापरू नका. भार एका जागी पडला की ती तडकते.

दुसरं काम चाकाला अडणी लावायचं. जे चाक उचलायचं त्याच्या कोनाकोनी समोरच्या चाकाला पुढून आणि मागून दगड लावा. पुढचं डावं चाक बदलायचं असेल तर दगड मागच्या उजव्या चाकाला. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागचं एक चाक हवेत गेलं की त्याचा अर्धा आधार गेलाच समजा.

आधी नट ढिले, मग गाडी वर

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे आधी गाडी उचलणं. चाक हवेत असताना नटाला जोर लावला की चाक फिरतं आणि जॅकवरची गाडी हलते. म्हणून चाक जमिनीवर असतानाच, जमिनीच्या घर्षणाचा फायदा घेत, सगळे नट फक्त अर्धा-अर्धा फेरा ढिले करायचे. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. पूर्ण काढायचे नाहीत.

नट हलत नसेल तर पान्याचा दांडा डावीकडे आडवा येईल असा बसवा, गाडीला हात टेकवून तोल सांभाळा आणि दांड्याच्या टोकावर पायाने सावकाश भार टाका. पन्नास किलोच्या माणसाने पाव मीटर लांबीच्या दांड्यावर वजन टाकलं तर सुमारे 120 न्यूटन-मीटरचा पीळ मिळतो. छोट्या गाड्यांचे नट साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटरला आवळलेले असतात. म्हणजे अंगाचं वजनच पुरतं, दंडाची ताकद लागत नाही. तरीही नट हललाच नाही, तर दुकानात हवेच्या गनने तो गरजेपेक्षा जास्त आवळला गेलेला असण्याची शक्यता मोठी. पान्यावर उड्या मारू नका. पाना निसटला तर नडगी फुटते.

आता जॅक. दरवाजाखालच्या पत्र्याच्या पट्टीवर, पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे दोन जवळजवळ खाचा असतात. जॅकचं डोकं बरोबर त्या दोन खाचांच्या मधे बसलं पाहिजे. तिथला पत्रा मजबूत केलेला असतो. दुसरीकडे लावलात तर पट्टी वाकते. जॅक सरळ उभा आहे ना हे बघत हँडल सावकाश फिरवा. बसलेला टायर जमिनीपासून सुटला की आणखी दोन-तीन इंच उचला, कारण हवा भरलेल्या स्टेपनीला जास्त जागा लागते.

यापुढे एक नियम कधीच मोडायचा नाही. शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली न्यायचा नाही. स्टेपनी काढली की ती आधी जॅकशेजारी पट्टीखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी त्या चाकावर अडेल. मग बसलेलं चाक काढून ते पट्टीखाली ठेवा आणि स्टेपनी बाहेर घ्या.

स्टेपनी बसवताना

स्टेपनीची भोकं आणि हबवरचे बोल्ट समोरासमोर आणा, चाक पायाने थोडं उचलून आत ढकला. नटाची निमुळती बाजू आतल्या बाजूला, चाकाकडे ठेवायची. ती निमुळती बाजूच चाकाला भोकात मधोमध बसवते. उलटा लावलेला नट घट्ट वाटतो, पण धावताना ढिला होतो. सगळे नट आधी हाताने फिरवून बसवा. हाताने फिरत नसेल तर आटे चुकलेत. काढून पुन्हा लावा.

मग पान्याने समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळा. पाच नट असतील तर एक सोडून एक. ओळीने आवळले तर चाक एका बाजूला तिरपं बसतं. पट्टीखालचं चाक काढा, जॅक उतरवा, टायर जमिनीला टेकू द्या आणि मग पूर्ण जोर लावा. आवळताना पाय वापरायचा नाही, हाताचाच जोर पुरेसा. पायाने आवळलेला बोल्ट तुटू शकतो.

निघण्याआधी त्रिकोण, दगड, फळी आणि हत्यारं आठवणीने उचला. रस्त्यावर राहिलेला दगड दुसऱ्याचा टायर फोडतो.

पन्नास किलोमीटरनंतर

चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा एकदा तपासा. नव्याने बसवलेलं चाक थोडं ‘बसतं’ आणि नट किंचित ढिले होतात. लातूरहून निघून आष्टामोडाजवळ टायर बदललात तर अहमदपूरला थांबून पाना लावून बघायला काय हरकत आहे? पहिल्याच पंक्चरच्या दुकानात हवाही मोजून घ्या.

तुमची स्टेपनी बाकीच्या टायरांपेक्षा अरुंद असेल आणि तिच्यावर 80 लिहिलं असेल, तर ताशी 80 किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. ती फक्त दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी असते. ब्रेक लागताना आणि वळताना तिची पकड कमी पडते. अशा स्टेपनीत हवाही जास्त लागते, पुष्कळदा 60 पीएसआय. आकडा टायरवर लिहिलेला असतो.

घरीच करायची तयारी

स्टेपनी सगळीकडे डिक्कीच्या तळाशी नसते. बोलेरोला ती मागच्या दारावर असते. इनोव्हासारख्या गाड्यांत गाडीच्या पोटाखाली साखळीवर टांगलेली असते आणि डिक्कीतल्या भोकातून लांब दांडा घालून ती उतरवावी लागते. अलॉय चाकांच्या काही गाड्यांत एक नट वेगळ्या किल्लीने उघडतो. ती किल्ली नसेल तर सगळं अडतं. ऑक्टोबर 2020पासूनच्या नियमांनुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या छोट्या गाड्यांना स्टेपनी सक्तीची नाही. तो संच खिळ्याच्या भोकाला चालतो. टायरची बाजू फाटली तर त्याचा उपयोग होत नाही. आपल्या गाडीत नेमकं काय आहे ते आधीच पाहून ठेवा.

आणि स्टेपनीतली हवा. वापरली नाही तरी टायरमधली हवा महिन्या-महिन्याला कमी होत जाते. पंपावर चार टायरांची हवा बघतो तेव्हाच पाचव्याचीही बघा आणि दोन-तीन पीएसआय जास्तच ठेवा. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांची स्टेपनी नवी दिसत असली तरी तिचं रबर म्हातारं झालेलं असतं. ती बदलून टाका.

येत्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, अंगणात गाडी उभी करून हे सगळं एकदा करून पाहा. घरात गाडी चालवणारं जे कुणी आहे, मुलगी, सून, आई, त्या प्रत्येकाच्या हातात पाना द्या. दिवसाउजेडी घरच्यांसमोर एकदा हात बसला, की रात्री महामार्गावर घाबरून चुकीच्या जागी गाडी उचलायची वेळ त्यांच्यावर येणार नाही.