शेतीची वीज रात्रीची का होती, आणि ती दिवसा कशी मिळणार?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सप्टेंबर २०२४ मध्ये तीन मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. कोराडीच्या औष्णिक केंद्रातील एकेक मोठा संच ६६० मेगावॅटचा आहे, हे पाहता तीन मेगावॅट म्हणजे नगण्यच. परंतु ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’मधील हा पहिला कार्यान्वित प्रकल्प होता आणि त्यामुळे परिसरातील सतराशेहून अधिक शेतकऱ्यांना सिंचनासाठी दिवसा वीज मिळू लागली. स्वच्छ ऊर्जेकडे महाराष्ट्राची जी वाटचाल चालली आहे, तिचा सर्वांत मोठा भाग शहरांतील गच्च्यांवर नव्हे, तर अशा गावांच्या वेशीवर घडतो आहे.

राज्यात कृषिपंपांना आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास थ्री-फेज वीज देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. रात्रपाळी आली की शेतकऱ्याला थंडीत, काळोखात बांधावर जाणे भाग. साप-विंचवाची भीती सर्वत्रच. जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यातील उसाच्या फडांत बिबट्याचीही. दिवसा वीज द्यावी, या मागणीसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणे धरले होते.

रात्रपाळी हा निव्वळ प्रशासकीय आडमुठेपणा होता, असे मात्र नाही. कोळशावरचा संच दिव्यासारखा हवा तेव्हा लावता-मालवता येत नाही. रात्री शहरे निजली, कारखान्यांची मागणी घटली, तरी तो चालूच ठेवावा लागतो. ती वीज खपविण्यास हक्काचे ग्राहक होते कृषिपंप. थोडक्यात, शेतकऱ्याचे जागरण ही औष्णिक केंद्रांची सोय होती. सौर विजेने हे गणित उलटे केले. आता स्वस्त वीज भर दुपारी मुबलक असते. मग पंपही दुपारीच चालणे सर्वांच्या हिताचे.

सौर वाहिनीची रचना तशी साधी आहे. गावाला वीज देणाऱ्या उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत सौर पॅनेल उभारायचे आणि त्यांची वीज त्या उपकेंद्रातून निघणाऱ्या कृषी फीडरवर सोडायची. शेतकऱ्याचा पंप जुनाच राहतो, त्याला खर्च काही नाही. (‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना वेगळी, तीत शेतकऱ्याला स्वतंत्र सौरपंप मिळतो व किमतीचा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना पाच टक्के, वाटा भरावा लागतो.) वीज जवळच तयार होत असल्याने वहनातील गळतीही घटते. सूर्य मावळल्यावर वा आभाळ आल्यावर उपकेंद्र नेहमीच्या जाळ्यातून वीज घेते. पावसाळ्यात पंप बंद असले की उरलेली सौर वीज त्याच जाळ्यात परत जाते.

शहरी ग्राहकाचा संबंध येतो तो बिलापाशी. शेतीला वीज पुरविण्याचा खर्च प्रतियुनिट सुमारे आठ रुपये आणि शेतीचा सवलतीचा दर सुमारे दीड रुपया, असे हिशेब राज्यात मांडले जात. मधली दरी सरकारी अनुदानाने आणि उद्योगांसारख्या ग्राहकांवर जादा दर लावून भरली जाई. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत झाल्यावर अनुदानाचा बोजा आणखी वाढला. सौर वाहिनीची वीज मात्र सुमारे तीन रुपये युनिटने, पंचवीस वर्षांच्या करारांनी घेतली जात आहे. योजनेमागची खरी प्रेरणा हवामानबदलापेक्षा ही पाच रुपयांची तफावत आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

२०१७ मध्ये सुरू झालेली मूळ योजना रेंगाळली. २०२३ मधील दुसऱ्या आवृत्तीत २०२५ अखेर तीस टक्के कृषी वाहिन्या सौरऊर्जेवर आणण्याचे ठरले. पुढे उद्दिष्ट १६,००० मेगावॅटवर नेण्यात आले. एवढ्यासाठी जमीन हवी. खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ, हा कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारा सौदा आहे. गायरानांचे तसे नाही. कागदोपत्री पडीक दिसणाऱ्या या जमिनींवर कोणाची जनावरे चरतात, कोणी पिढ्यान्‌पिढ्या कसतो. त्यामुळे काही गावांत विरोध झाला. ग्रामपंचायतींना विकासकामांसाठी अनुदान देऊ केले आहे, पण ज्याचे कुरण गेले त्याच्या हाती त्यातले काय पडते, हा प्रश्न उरतोच. भूजलाची चिंताही खरी आहे. वीज फुकट आणि वेळ सोयीची झाल्यावर उपसा रोखणारे फारसे काही राहत नाही.

आणि संध्याकाळचे काय? सूर्य मावळताच घराघरांत दिवे, पंखे, एसी सुरू होतात आणि ती मागणी अजून प्रामुख्याने कोळशावरच भागते. दुपारी नमते घेऊन संध्याकाळी झपाट्याने वर येणे जुन्या संचांना जड जाते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार त्यांना टप्प्याटप्प्याने चाळीस टक्के भारापर्यंत खाली उतरता यायला हवे. दुसरा मार्ग दुपारची वीज साठविण्याचा. तिच्यावर पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून पुन्हा वीज निर्माण करायची. अहिल्यानगर व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघरचा असा प्रकल्प २५० मेगावॅटचा आहे. सह्याद्रीत अशा आणखी अनेक प्रकल्पांसाठी राज्य सरकारने कंपन्यांशी सामंजस्य करार केले आहेत. मात्र त्यांची धरणे आणि बोगदे पूर्ण होण्यास काही वर्षे लागतील.