सत्कार कार्यकर्त्याचा की व्यासपीठाचा?

कोणतीही चळवळ पुढाऱ्यांच्या भाषणांवर उभी राहत नाही. ती उभी राहते सतरंज्या अंथरणाऱ्या, पाण्याचे पिंप भरणाऱ्या, वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्या आणि रात्रभर जागून निळे झेंडे बांधणाऱ्या हातांवर! हे वाक्य आपल्या प्रत्येक सभेत कोणीतरी उच्चारतोच. त्यावर टाळ्याही पडतात. सभा संपते, पाहुणे गाडीत बसतात आणि ज्यांच्याविषयी ते वाक्य उच्चारले गेले, ते मात्र मागे खुर्च्या गोळा करीत राहतात. त्यांचे नाव आभारप्रदर्शनातही येत नाही. आलेच तर 'आणि इतर सर्व ज्ञात-अज्ञात कार्यकर्ते' एवढ्या चार शब्दांत त्यांची बोळवण होते.

अज्ञात का? कोणाला अज्ञात? ज्या शहराची वस्ती लाखाच्या आत, जिथे एका मोहल्ल्यातला माणूस दुसऱ्या मोहल्ल्यातल्या माणसाला त्याच्या आजोबांच्या नावाने ओळखतो, तिथे कार्यकर्ता अज्ञात राहतो कसा? मोठ्या शहराच्या गर्दीत हे एक वेळ समजू शकते. छोट्या शहरात हे अज्ञान नसते, दुर्लक्ष असते. म्हणून कार्यकर्त्याच्या सन्मानाचा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटत नाही. समाज कोणाला मोठे म्हणतो, यावर त्या समाजाची उद्याची पिढी कोणाच्या पावलावर पाऊल टाकणार हे ठरत असते.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही महाडकडे पाहतो. सावित्री नदीच्या काठी, रायगडाच्या कुशीत वसलेले हे छोटेसे शहर. १९ आणि २० मार्च १९२७ ला इथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगते. पण त्या परिषदेला आलेल्या लोकांनी प्यायले काय, हे किती जण सांगतात? भरलेले तळे समोर असताना परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. १९२७ चे ४० रुपये! ते पाणी ठरवणारे, वाहून आणणारे, तहानलेल्यांना वाटणारे कोणीतरी होतेच ना? रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही नावे इतिहासाने नोंदवली. ती नोंदवायलाच हवी होती. पण मोरे यांच्यासारख्यांच्या शब्दावर खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून निघालेल्या माणसांशिवाय ती परिषद भरलीच नसती.

पुढे डिसेंबरात पुन्हा परिषद भरायची होती. महाडातले सवर्ण जागा देईनात. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली आणि मंडप उभा राहिला. मार्चमध्ये मारहाण झाली तेव्हाही आपल्या माणसांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला होता. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. त्यासाठी खणलेला खड्डा सहा इंच खोल आणि दीड फूट लांब-रुंद होता, त्यात चंदनाची लाकडे रचली होती आणि ती वेदी तयार करायला सहा माणसे दोन दिवस राबत होती, असे त्या प्रसंगाच्या वर्णनात आले आहे. ग्रंथ कोणी जाळला हे आपल्याला माहीत आहे. पण ते सहा जण कोण, असे आज आपल्या वस्तीत विचारले तर किती जण उत्तर देतील?

याच परिषदेत सत्याग्रहासाठी लोकांनी नावे नोंदवली. तुरुंगात जायची तयारी दाखवून नाव देणाऱ्यांचा आकडा तीन हजारांच्या वर गेला. या सत्याग्रहींना पाच गोष्टींची शपथ घ्यायची होती. जन्माने ठरलेले चातुर्वर्ण्य मानणार नाही, जातिभेद मानणार नाही, अस्पृश्यता नष्ट करण्यासाठी प्रामाणिकपणे झटेन, खाण्यापिण्यात शिवाशिव पाळणार नाही आणि पाणवठे, शाळा, मंदिरे यांवर सर्वांचा सारखाच हक्क मानीन, असा तिचा आशय होता. नीट पाहा, बंधुभगिनींनो! त्या स्वयंसेवकाला ना शाल मिळाली, ना श्रीफळ. त्याला शपथ मिळाली. 'तू हे ओझे उचलू शकतोस' असा विश्वास त्याच्यावर टाकला गेला. आणि कोर्टाचा मनाई हुकूम असल्यामुळे सत्याग्रह तहकूब करण्याचे ठरले, तेव्हा तुरुंगात जायला तयार असलेल्या त्याच हजारो माणसांनी शांततेने मिरवणूक काढली, तळ्याला वळसा घातला आणि ती परतली. पाण्याला हात लावायला आलेल्या माणसाने हात न लावता परतायचे, याला केवढी शिस्त लागते! त्यानंतर खटला चालला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. ही दहा वर्षे ज्यांनी धीर सोडला नाही, त्यांच्या नावाची पाटी कुठे आहे?

इथे आम्हाला एक मूलभूत गोष्ट सांगायची आहे. 'सेवा' हा शब्द आपल्या समाजासाठी सोपा नाही. जी मनुस्मृती महाडला जाळली, तिने शूद्राला एकच काम नेमून दिले होते, ते म्हणजे मनात असूया न आणता वरच्या तिन्ही वर्णांची सेवा करायची. गावगाड्याने आपल्या आजोबा-पणजोबांकडून तेच करून घेतले. सरकारी टपाल पोचवा, मेलेली गुरे ओढा, साहेबाच्या घोड्यापुढे धावा आणि मोबदल्यात बलुत्याचे चार दाणे घ्या! या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते, ते उगीच नव्हे. लादलेली सेवा म्हणजे वेठ. स्वतःच्या मनाने, स्वतःच्या माणसांसाठी, माणुसकीच्या हक्कासाठी केलेली सेवा म्हणजे स्वयंसेवा. महाडला नाव नोंदवणारा माणूस या दोहोंतली सीमारेषा ओलांडून गेला. उद्या कोणाची चाकरी करायची हे ज्याला गाव सांगत होते, त्याने 'मी कोणासाठी राबणार हे मी ठरवीन' असे जगाला सांगितले. कार्यकर्त्याची किंमत ती आहे.

म्हणूनच कार्यकर्त्याला गृहीत धरणे हा नुसता शिष्टाचाराचा भंग ठरत नाही. ज्याने स्वखुशीने हात पुढे केला त्याला 'हा तर नेहमीचाच, करेल तो' असे म्हणणे म्हणजे त्याच्या स्वयंसेवेची पुन्हा वेठ करणे होय. गावगाड्याने केले तेच आपण आपल्या विहारात करणार आहोत काय?

आता आजच्या सत्कारांकडे वळू. नगरपालिकेच्या निवडणुका जवळ आल्या की छोट्या शहरांत सत्कारांचे पेव फुटते. 'समाजरत्न', 'भीमरत्न', 'कार्यगौरव' अशा पदव्या घाऊक भावाने वाटल्या जातात. चौकातल्या फ्लेक्सवर सत्कारमूर्तीचा फोटो तिकिटाएवढा आणि सत्कार करणाऱ्याचा फोटो दारावढा! व्यासपीठावर तीस खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला एक शाल, आणि ज्याच्यासाठी हे सारे, त्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याला बोलायला दोन मिनिटे. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती उरते एक शाल. तशा शाली त्याच्या पत्र्याच्या पेटीत आधीच दोन-चार पडलेल्या असतात. त्याच्या औषधाच्या चिठ्ठीचे काय, त्याच्या मुलीच्या फीचे काय, हे कोणी विचारत नाही.

शासनाचे पुरस्कार आहेत. सामाजिक न्याय विभागाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण पुरस्कार आहे, त्यामागचा हेतू चांगला आहे. पण त्यासाठी प्रस्ताव पाठवावा लागतो. कामाचे पुरावे, छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे जोडावी लागतात. ज्याने पंचवीस वर्षे वस्तीतल्या मुलांची शिकवणी घेतली, त्याच्याकडे कात्रण कुठले? आणि आपल्या कामाची फाईल आपणच काखेत मारून कचेरीच्या पायऱ्या चढायला त्याचा स्वाभिमान तयार होत नाही. मग फाईल ज्याची जाड, पुरस्कार त्याचा. दोष एकट्या शासनाचा नाही. 'हा आमचा माणूस, आम्ही याचे नाव देतो' म्हणून वस्ती पुढे का येत नाही?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. राजकारणातली भक्ती ऱ्हासाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा तो इशारा होता. मग कार्यकर्त्यांचा सन्मान करणे ही सुद्धा व्यक्तिपूजाच नव्हे काय, असे काही मित्र विचारतात. आमचे उत्तर स्पष्ट आहे. पूजा माणसाला प्रश्नांच्या पलीकडे नेऊन ठेवते. ओळख त्याचे काम सर्वांसमोर मांडते, त्याचा हिशेब करते आणि 'हे तुम्हालाही करता येईल' असे दुसऱ्याला सांगते. ज्या समाजात फक्त शिखरावरच्या माणसाचे नाव घेतले जाते, तिथेच पूजा माजते. पायथ्याच्या माणसांची नावे घेणे हा विभूतिपूजेवरचा उतारा आहे.

तथागतांचे उदाहरण पाहा. विनयपिटकात महावग्गातली कथा आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि स्वतः पाणी ओतून त्या भिक्खूला धुतले, दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. नंतर त्यांनी संघाला एकत्र करून जाब विचारला आणि एकमेकांची शुश्रूषा करण्याची जबाबदारी संघावर टाकली. थकलेला कार्यकर्ता आज आपल्या कोणाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून तो एकटा पडणार असेल, तर रोज वंदना घेऊन आपण नेमके शिकलो काय?

पुन्हा महाडकडे येऊ. गेल्या काही वर्षांत या शहराने आणि तालुक्याने काय नाही सोसले? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळून एस.टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या. २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. २२ जुलै २०२१ ला शहर पुरात बुडाले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा प्रत्येक वेळी सरकारी यंत्रणेबरोबर आणि पुष्कळदा तिच्याही आधी धावली ती आसपासची साधी माणसे. पूर ओसरल्यावर बाहेरच्या महापालिकांतून सफाई कामगारांची पथके महाडला आली आणि त्यांनी कुजका गाळ उपसला. हे कामगार पगारी होते, म्हणून त्यांच्या वाट्याला कौतुक नको? देशात झाडू कोणत्या जातींच्या हातात दिला गेला आहे, हे ज्याला माहीत आहे तो असा प्रश्न करणार नाही. पाण्याचा हक्क ज्या शहराने नाकारला होता, त्या शहराच्या घराघरांतला गाळ काढायला कोण आले, याची नोंद त्या शहराने करायला नको काय?

आणि आपल्या माता-भगिनींचे काय? विहाराची झाडलोट, धम्मपरिषदेचा स्वयंपाक, महिला मंडळाची भिशी सांभाळून काढलेली वर्गणी हे सारे त्यांच्या हातून होते. सत्काराच्या यादीत मात्र त्यांचा क्रमांक शेवटी, तोही 'अमुक यांच्या पत्नी' म्हणून. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या घरी जाऊन, त्यांना बोलते करून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. खरा सन्मान असा असतो. कोणीतरी येते, समोर बसते, विचारते, ऐकते आणि लिहून ठेवते. या दोघींनी ते केले नसते तर कितीतरी बायांचे कष्ट त्यांच्याबरोबरच चितेवर गेले असते.

तेव्हा करायचे काय? आम्ही फार मोठ्या योजना सांगत नाही. प्रत्येक विहारात एक जाड वही ठेवा. वस्तीत कोणी काय काम केले, कधी केले, ते तारखेसह लिहा, आणि जे हयात आहेत त्यांच्याकडून मागचे लिहून घ्या. सन्मानासाठी कोणी अर्ज करायचा नाही, वस्तीच्या बैठकीत उघडपणे नावे ठरवायची आणि त्यांत निम्म्या भगिनी असल्या पाहिजेत. जो निवडणुकीला उभा आहे त्याच्या हातून सत्कार नको. वस्तीतल्या शाळकरी मुलीच्या हातून तो करा, तिला ते नाव आयुष्यभर लक्षात राहील. शाली आणि फ्लेक्सचा खर्च वाचवून कार्यकर्ता आरोग्य निधी काढा आणि त्याचा हिशेब दर सहा महिन्यांनी सर्वांसमोर वाचा. मातंग, चर्मकार, भटके-विमुक्त, मुसलमान, ज्या कोणी आपल्या कामाला खांदा दिला, त्याचे नाव त्या वहीत आलेच पाहिजे. महाडची परंपरा तीच सांगते. आणि शेवटचे, कार्यकर्त्याला नुसते हार घालू नका, निर्णयाच्या बैठकीत खुर्ची द्या. ज्याला राबायला बोलावता, त्याला विचारायलाही बोलवा!

२०२७ हे महाडच्या संगराचे शताब्दी वर्ष. या निमित्ताने मंडप, मिरवणुका आणि भाषणे हवीतच. पण १९२७ मध्ये ज्यांनी तुरुंगात जायला नावे दिली, त्यांची नातवंडे-पतवंडे आजही रायगड, रत्नागिरीच्या वाड्यावस्त्यांत आणि मुंबईच्या चाळींत असतील. आपल्या घरातला कोण त्या वेळी महाडला गेला होता, हे त्यांना विचारा. आजीला विचारा, आत्याला विचारा, जुन्या पेट्या उघडा. एकेक नाव मिळवा आणि वहीत लिहा. पाणी वाहणाऱ्याचे, मंडप बांधणाऱ्याचे, वेदी खणणाऱ्याचे. समाजबांधवांनो, वही दोनशे पानी आणा आणि पहिले नाव आजच लिहा!