तिसऱ्या घंटेनंतर हेडफोनमध्ये रेडिओ का बोलतो?
तारेचाच होतो अँटेना; आवाज ओळखा, दोष शोधा, पण अर्थिंग तोडू नका

भोपाळ : तिसरी घंटा झाली आहे. प्रकाशयोजनेवाला मागच्या केबिनमध्ये, रंगमंच व्यवस्थापक विंगेत आणि पडद्याच्या दोरीवरचा माणूस दुसऱ्या टोकाला. तिघांना जोडणारी गोष्ट एकच, कानावरचा हेडफोन. "ब्लॅकआउट, गो" म्हणायच्या क्षणी त्यात बातम्या सुरू झाल्या तर? प्रेक्षकांना पत्ता लागत नाही, पण आत गोंधळ उडतो. अंधारात वरून नेपथ्याचा जड पडदा खाली येत असेल, तर चुकलेली सूचना कुणाच्या तरी डोक्यावरही बेतू शकते.

बेळगाव, निपाणी, बऱ्हाणपूर, इंदूर असो की भोपाळ, हौशी संच सामान बांधून गावोगाव फिरतात. इंटरकॉम एका गावात ठणठणीत आणि दुसऱ्या गावात बडबड्या, असं का होतं?

जागा बदलली की आवाज बदलतो

भोपाळचंच उदाहरण घेऊ. महाराणा प्रताप नगर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं 'एमपी नगर', हा शहराचा गजबजलेला व्यापारी भाग. झोन 1 आणि झोन 2 मध्ये कार्यालयं, कोचिंग क्लास, दुकानं आणि वृत्तपत्रांचं प्रेस कॉम्प्लेक्स. अशा वस्तीतल्या सभागृहात जास्त त्रास व्हायचा तो मोबाइल, वाय-फाय आणि एलईडी दिव्यांचा.

तिथून काही किलोमीटरवरच्या श्यामला हिल्सचं चित्र वेगळं. आकाशवाणी आणि दूरदर्शन याच टेकडीवर, आणि 1982 मध्ये सुरू झालेलं, चार्ल्स कोरिया यांनी रचलेलं भारत भवनही इथलंच. रेडिओ केंद्राच्या शेजारी नाटक करायचं म्हणजे इंटरकॉममध्ये आवाज येणारच, असं मुळीच नाही. तारा धड असतील तर काही होत नाही. पण तार कच्ची असेल, तर ती एमपी नगरात एक बोलेल आणि टेकडीपाशी दुसरंच.

तार अँटेना कशी होते?

आकाशवाणी भोपाळची मीडियम वेव्ह 1593 किलोहर्ट्झची. या लहरीची लांबी साधारण 188 मीटर, आणि तिचा चौथा हिस्सा 47 मीटर. विंगेतून मागच्या लाइट केबिनपर्यंत टाकलेली तार बऱ्याचदा तेवढीच भरते. म्हणजे आपण न कळत चांगला अँटेनाच पसरलेला असतो.

नुसता अँटेना असून गाणं ऐकू येत नाही. पण इंटरकॉमच्या डब्यात ट्रान्झिस्टर आणि आयसी असतात. जोरदार लहर आत शिरली की ते जुन्या क्रिस्टल रेडिओतल्या डायोडसारखं वागून तिच्यातला आवाज वेगळा काढतात. गंजलेला सांधाही कधी कधी हेच काम करतो.

त्यातच नेहमीच्या दोन तारी इंटरकॉममध्ये तीन पिनांचा कनेक्टर असतो : पहिली पिन शील्ड आणि ग्राउंड, दुसरीवर डब्याला लागणारा सुमारे 30 व्होल्ट डीसी पुरवठा, तिसरीवर बोलणं. चांगल्या माइकच्या जोडणीत आवाज दोन तारांवर उलटसुलट जातो आणि बाहेरचा गोंगाट आपोआप वजा होतो. इथे आवाज एकाच तारेवर, त्यामुळे तो बचाव नाही. सगळी भिस्त शील्डवर.

आधी कान, मग पेचकस

दोष हुडकताना पहिलं काम ऐकण्याचं.

• निवेदन किंवा गाणं स्पष्ट येतंय : बहुतेक मीडियम वेव्ह. एफएम असं सहज पकडलं जात नाही, कारण त्यात लहरीची उंची बदलत नाही. खिशातला ट्रान्झिस्टर लावून स्टेशन जुळवा, खात्री पटेल.
• टिक-टिक, टर्रर : जवळचा मोबाइल. 2जी फोन सेकंदाला सुमारे 217 वेळा हप्त्याहप्त्याने लहरी सोडतो, तोच हा आवाज. फोन डब्यापासून दूर ठेवा किंवा फ्लाइट मोडवर टाका.
• दिवे मंद करताना वाढणारी कर्कश गुणगुण : डिमर. इंटरकॉमची तार डिमरच्या वायरीपासून लांब न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, शेजारून समांतर नेऊ नका.
• सतत एकसुरी घूं : रेडिओ नव्हे, बहुधा अर्थिंगचा फेरा. दोन उपकरणं दोन वेगळ्या बोर्डांवर असली की हे होतं.

यानंतर सगळे डबे काढून फक्त मुख्य स्टेशन आणि एक हेडफोन ठेवा. शांतता असेल तर एकेक तार, एकेक डबा जोडत जा. ज्या जोडणीला आवाज परतला, दोष तिथेच. ती तार हलवून बघा. आवाज कमी-जास्त झाला तर शील्ड तुटलेली आहे किंवा डाग सुटलाय.

मग दुरुस्ती काय?

पैसे वाचवायला घंटीची किंवा स्पीकरची साधी वायर वापरली असेल, तर ती आधी बदला. शील्ड असलेली माइकची केबल हवी. कनेक्टरचं धातूचं कवच पहिल्या पिनेला जोडलेलं नको. ते लोखंडी खांबाला टेकलं की नवा फेरा तयार होतो. जास्तीच्या तारेचं वेटोळं डिमरवर ठेवू नका.

बाजारात मिळणारी फेराइटची चिमटी मोबाइलच्या त्रासाला उपयोगी. पण मीडियम वेव्हला एकदाच अडकवून भागत नाही, मोठ्या रिंगमधून तारेचे बरेच फेरे काढावे लागतात. तरीही स्टेशन गेलं नाही, तर डब्याच्या आत छोटे कपॅसिटर लावावे लागतात. ते काम जाणकार तंत्रज्ञाकडून करून घ्या.

वायरलेस घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा संच प्रेक्षकांच्या फोनशी आणि सभागृहाच्या वाय-फायशी जागेसाठी भांडतो. दुपारी रिकाम्या सभागृहात छान चाललेला संच संध्याकाळी गर्दीत अडखळतो. चाचणी माणसं आणि फोन असतानाच घ्यावी.

सगळ्यात घातक 'जुगाड'

घूं आवाज घालवण्यासाठी प्लगची वरची जाड पिन तोडायची, किंवा अर्थची तार काढून टाकायची, हा उपाय बॅकस्टेजला सर्रास सांगितला जातो. आवाज खरोखर जातोही. पण त्याबरोबर जीवाचं संरक्षणही जातं. एखाद्या दिव्याची 230 व्होल्टची फेज धातूच्या सांगाड्याला लागली, तर तिला जमिनीत जायला वाट उरत नाही. मग ती वाट हेडफोन लावून लोखंडी शिडी धरलेल्या माणसाच्या अंगातून जाऊ शकते.

यावर सुरक्षित मार्ग आहेत. इंटरकॉम आणि साउंडची उपकरणं एकाच अर्थ असलेल्या बोर्डावरून चालवा. दोन यंत्रणांमध्ये आवाजाची तार न्यायची असेल, तर मध्ये ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. मेनचा अर्थ मात्र कधीच काढू नका.

आणि एवढं करूनही प्रयोगात हेडफोन बिघडलाच तर? त्यासाठी प्रत्येक जागी एक छोटा लाल-हिरवा दिवा, आणि तालमीतच ठरवलेला एक नियम पुरतो : सूचना नीट ऐकू आली नाही, तर दोरी हलवायची नाही. प्रवेश दहा सेकंद उशिरा बदलला तर प्रेक्षक सांभाळून घेतात.