निदान जुळणे आणि निदान खरे असणे



रक्तदाब आणि मधुमेह यांवर आपण ग्वाल्हेरकर चारचौघांत गप्पा मारतो. स्किझोफ्रेनिया, म्हणजे मराठीत छिन्नमनस्कता, हे नाव मात्र दार लावून उच्चारले जाते. मुलीचे लग्न ठरत असेल, तर तिच्या काकाचा आजारही लपवला जातो. ज्या नावाच्या मागे एवढे भय उभे आहे, ते नाव कितपत पक्के असते, हा आजचा विषय आहे.

मधुमेहाचे निदान रक्तातली साखर मोजून होते. स्किझोफ्रेनिया ठरवून देणारी अशी रक्ताची किंवा मेंदूची तपासणी आजही नाही. तपासण्या होतात त्या दुसरे आजार वगळण्यासाठी. डॉक्टर रुग्णाशी बोलतात, घरच्यांना विचारतात, गेल्या काही महिन्यांचा क्रम पाहतात. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, कितीही समजावले तरी न ढळणारा संशय, बोलण्याची विस्कटलेली घडी, माणसांतून मन उठणे, अशा लक्षणांवरून नाव ठरते.

इथे दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. दोन डॉक्टरांनी एकच रुग्ण पाहिला, तर दोघे एकच नाव देतील का? याला विश्वसनीयता म्हणतात. आणि त्या नावाचा एक स्वतंत्र रोग खरोखर आहे का? ही यथार्थता. फरक आपल्याच घरातल्या उदाहरणाने कळेल. दहा ज्योतिषांनी एकाच पंचांगावरून पत्रिका मांडली, तर दहाही जण मंगळ त्याच घरात दाखवतील. त्यांचे एकमत पूर्ण आहे. पण त्या मंगळामुळे संसार बिघडतो की नाही, हे त्या एकमताने सिद्ध होत नाही.

पहिल्या प्रश्नाची मोठी परीक्षा 1960 नंतरच्या दशकात झाली. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनपेक्षा कितीतरी अधिक होत असे. एका अभ्यासात रुग्णांच्या मुलाखतींच्या चित्रफिती दोन्ही देशांतल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवल्या. त्यातल्या एका रुग्णाला अमेरिकेतल्या 69 टक्के तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया ठरवला, ब्रिटनमधल्या फक्त 2 टक्क्यांनी. माणूस एकच, चित्रफीतही एकच. दोन्ही शहरांतल्या रुग्णांना तेच प्रश्न विचारून तेच निकष लावले, तेव्हा शहरांमधला फरक बहुतांशी नाहीसा झाला. म्हणजे फरक रुग्णांत कमी आणि डॉक्टरांच्या सवयींत जास्त होता.

यातून नियम आले. अमेरिकेच्या 1980 च्या निदान-पुस्तिकेने लक्षणांची यादी दिली आणि सहा महिन्यांची अट घातली. एकमत वाढले, पण पूर्ण झाले नाही. 2013 च्या पुस्तिकेपूर्वी घेतलेल्या चाचण्यांत दोन डॉक्टरांनी तोच रुग्ण वेगवेगळा तपासला. शून्य म्हणजे निव्वळ योगायोगाइतकेच एकमत आणि 1 म्हणजे संपूर्ण, अशा मापावर स्किझोफ्रेनियाला 0.46 मिळाले. तीव्र नैराश्याला तर 0.28.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला ‘अकाली बुद्धिभ्रंश’ अशा अर्थाचे नाव दिले होते, कारण तो तरुणपणी येतो आणि वाढतच जातो अशी त्यांची समजूत होती. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी पाहिले, की तो नेहमी तरुणपणीच येत नाही आणि शेवट नेहमी बुद्धिभ्रंशात होत नाही. 1908 साली त्यांनी स्किझोफ्रेनिया हे नाव सुचवले, आणि 1911 च्या ग्रंथात ते अनेकवचनी वापरले. म्हणजे हा एक रोग नसून रोगांचा गट असावा, ही शंका नावाइतकीच जुनी आहे. पुढे आनुवंशिकतेच्या अभ्यासांत या आजाराची मुळे उन्माद-नैराश्याच्या आजाराशी बरीच गुंतलेली दिसली. 2007 साली मेंदूच्या दाहाचा एक प्रकार ओळखला गेला. त्याची सुरुवात हुबेहूब वेडासारखी होऊ शकते, पण त्याचे उपचार निराळे आहेत.

आपल्याला जवळचा पुरावा आग्र्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांतल्या नऊ केंद्रांत एकाच पद्धतीच्या मुलाखती घेऊन अभ्यास केला. आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरांवरचे आग्रा हे त्यांतले एक केंद्र होते. सारख्या लक्षणांचे रुग्ण सगळीकडे सापडले. पण दोन वर्षांनी पाहिले, तर आग्रा आणि नायजेरियातले इबादान इथल्या रुग्णांची स्थिती पाश्चात्त्य शहरांतल्यांपेक्षा चांगली निघाली. कारणांवर वाद आजही आहे. नाव एकच असूनही पुढची वाट एक नव्हती, एवढे मात्र दिसले.

आपल्या घरांपुरती आणखी एक अडचण आहे. डॉक्टर हिंदीत विचारतात आणि आजी मनात मराठीत उत्तर शोधते. “देवीने सांगितले” हे तिचे वाक्य भाषांतरात लक्षण ठरू शकते. उलटही घडते. खरा आजार ‘अंगात येते’ म्हणून वर्षानुवर्षे देवळाच्या पायरीवर बसून राहतो. म्हणून सोबत जाणाऱ्याने घरची भाषा, झोप, फेफरे, थायरॉइड, भांग-गांजा हे सारे डॉक्टरांना सांगावे. कोणत्या लक्षणांवरून हे नाव दिले, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मतही घ्यावे.

पण या चर्चेचा चुकीचा अर्थ काढू नये. नावाबद्दल शंका म्हणजे दुःखाबद्दल शंका नव्हे. आवाज ऐकणाऱ्याची भीती खरी असते. औषधांनी अनेकांचे ते आवाज शमतात, हेही खरे. निदान कच्चे आहे असे ऐकून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या, तर माझे व्याख्यान अपायकारक ठरेल.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, की पूर्वी उपचार झाले होते एवढ्यावरून कोणाला आज मनोरुग्ण ठरवता येत नाही. कायद्याला जे कळले, ते आपल्या बैठकीच्या खोलीतही यायला हवे. निदान हे डॉक्टरांनी उपचारासाठी केलेले आजचे अनुमान आहे, ते उद्या बदलू शकते. त्यावरून काकाचा स्वभाव कळत नाही, पुतणीचे भविष्य तर नाहीच. पुढच्या लग्नकार्यात त्या काकांना आतल्या खोलीत न बसवता पंगतीत बसवले, तरी आजचा विषय पोचला असे मी समजेन.